चोविसावी सही

८ जानेवारी, बुधवार

ही डायरी दर वर्षी कारखान्याकडून येते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी येते. आतापर्यंत मालन तिच्यात लिहायची. यंदा कोरी पडून राहील म्हणून मी लिहीत आहे. मला सवय नाही. एकतीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग ऑफिसला काढली. तिथे शब्द कमी लागत.

मालनला जाऊन काल पाच महिने झाले.

आज तिचा बुधवारचा बायबलवर्ग मी घेतला. आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, पाच ते सहा. इस्पितळात ती म्हणाली होती, "अहो, बुधवार बंद पडू देऊ नका. बारा अध्याय झालेत, पुस्तक पूर्ण करा." मी मान हलवली होती. मान हलवण्याचा अर्थ मी वर्ग घ्यायचा असा होईल हे तेव्हा लक्षात आले नाही. मग कल्याणहून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. "चक्रनारायण, बाईंची वही आहे ना? ती वाचून दाखवा. बाकी प्रभू बघेल."

पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. जगाच्या शेवटाचे. तेराव्या अध्यायात समुद्रातून श्वापद निघते, त्याला सात डोकी आणि दहा शिंगे. मी काल कागदावर काढून पाहिले. सात डोक्यांवर दहा शिंगे समान बसत नाहीत. तीन डोक्यांना दोन-दोन आणि चारांना एकेक दिले की जमते. वर्गात तसे सांगितले. सात बायका होत्या. मग विठ्ठलवाडीच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "सर, ताईंनी असं कधीच सांगितलं नव्हतं हो." हे चांगले की वाईट ते कळले नाही.

मालनच्या वहीत या अध्यायापाशी लिहिले आहे: "श्वापद कोण यावर वेळ घालवू नये. लोकांना तेवढेच ऐकायचे असते." तरी लक्ष्मीने विचारलेच. ती नर्स आहे, वर्गात सगळ्यांत लहान, चाळीसची असेल.

"काका, सगळ्यांच्या हातावर-कपाळावर घालतात तो श्वापदाचा नंबर म्हणजे आपलं आधार कार्ड का हो? आमच्या आयाबाई म्हणत होत्या."

मी काही बोलण्याआधी मनुबाई म्हणाल्या, "माझी बोटंच उमटत नाहीत त्या मशीनवर. तीनदा परत पाठवलं. म्हणजे मी सुटले." मनुबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत.

मंजुळाबाईंनी डाळवडे आणले होते. खूप उरले. नासाडी नको म्हणून मी घरी आणले.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सेक्रेटरी त्र्यंबक पेंडसे आले. इमारत पाडून नवी बांधायची आहे. चोवीस घरे आहेत, तेवीस सह्या झाल्या. राहिलो मी.

"काका, तुमच्या अकरा हरकती होत्या. पार्किंगमधला खांब, जिन्याची रुंदी, सगळं. बिल्डरने अकराच्या अकरा दुरुस्त केल्या. त्यांचा आर्किटेक्ट म्हणतो, या माणसाला आम्ही नोकरीला ठेवतो. आता काय राहिलं?"

मला बारावी हरकत सुचेना. म्हणून म्हणालो, "वर्ग चालू आहे. पुस्तक पूर्ण झालं की सही करतो."

"कुठलं पुस्तक?"

"प्रकटीकरण. बावीस अध्याय आहेत. तेरा झाले."

"म्हणजे नऊ राहिले. आठवड्याला एक?" त्यांनी मोबाइलवर कॅलेंडर काढून बोटाने मोजले. "बारा मार्च. आपली मुदत एकतीस मार्च. बसतंय! मग लिहून घेऊ ना मी?"

जाताना दोन कागद ठेवून गेले. एक संमतीपत्र. दुसरा मालनचे नाव कमी करण्याचा अर्ज. घराच्या कागदांवर पहिले नाव तिचे आहे, दुसरे माझे. ती शिक्षिका होती, तिला शाळेतून कर्ज मिळाले होते म्हणून. "एका ओळीचं काम आहे काका," ते म्हणाले. "नावापुढे मयत लिहायचं, तारीख टाकायची, झालं."

दोन्ही कागद खणात ड्रॉइंगच्या टी-स्क्वेअर पट्टीखाली ठेवले. माझी हरकत तशी काही नाही. वेळ झाला की बघू.

१६ जानेवारी, गुरुवार

पेंडसे यांनी सगळ्या इमारतीला सांगितले आहे. वॉचमनने फाटक उघडताना विचारले, "काका, कितवा चालू आहे?" दुसऱ्या मजल्यावरच्या प्राचीताई जिन्यात म्हणाल्या, "रोज एक घेतला तर नाही का चालणार? श्रावणात आम्ही पोथी वाचतो तसं?" मी हसलो. हसणे हे माझे नेहमीचे उत्तर आहे. मालन म्हणायची, तुमचं हसणं आणि दाढदुखी सारखीच दिसते.

काल चौदावा अध्याय अर्धाच झाला. त्यात एक लाख चव्वेचाळीस हजार लोक कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, डोंगरावर उभे असतात. मंजुळाबाईंनी विचारले, यात कल्याण-डोंबिवलीचा वाटा किती? मी म्हणालो, तशी विभागणी दिलेली नाही. मग मनुबाईंनी डोंगर केवढा असेल ते विचारले. माणशी दीड चौरस फूट धरून मी फळ्यावर आकडेमोड केली. त्यात तास संपला.

बायका चांगल्या आहेत, पण समजायला वेळ लागतो. मालन त्यांना कसे शिकवत होती कोण जाणे.

काल साबुदाण्याची खिचडी होती, परवासाठीही पुरेल इतकी उरली. गंमत म्हणजे कधी दोघी एकच पदार्थ आणत नाहीत.

२९ जानेवारी, बुधवार

आज पेंडसे वर्गाला आले. शेवटच्या खुर्चीवर वही-पेन घेऊन बसले. "मी फक्त ऐकतो," म्हणाले. पंधरा मिनिटांनी हात वर केला.

"सर, पंधरावा छोटा दिसतोय. पंधरा-सोळा एकत्र नाही का घेता येणार?"

मंजुळाबाई त्यांच्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, हा जगाचा अंत आहे. तुमच्या मागच्या सभेचं इतिवृत्त नाही, वाचलं असं समजून मंजूर करायला."

पेंडसे यांनी हे वहीत लिहून घेतले.

मग मंजुळाबाईंनीच मला पहिल्या ओळीचा अर्थ पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितला. मग लक्ष्मीने विचारला. मी तिसऱ्यांदा सांगितला. तिसऱ्या वेळी मला स्वतःला तो जरा बरा कळला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोळावा. पेंडसे होते. वर्ग संपल्यावर खुर्च्या रचताना लक्ष्मी म्हणाली, "काका, तुम्ही बारीक झालात असं वाटलं होतं, पण आता जरा बरे दिसता. ताईंनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की सर एकटे..." तेवढ्यात मंजुळाबाईंचे कोपर तिला लागले आणि ती खुर्ची उचलायला गेली. वाक्य अर्धेच राहिले. हॉल लहान आहे, धक्के लागतात.

चिंबोरीचा रस्सा होता. मी विचारले, बायबलवर्गाला रस्सा? मनुबाई म्हणाल्या, "दामाजी, आत्म्याचं तू बघ. रश्श्याचं आम्ही बघतो."

१९ फेब्रुवारी, बुधवार

अठरावा अध्याय. बाबेल नगरी पडते. व्यापारी लांब उभे राहून रडतात. पेंडसे आज पहिल्या रांगेत होते.

"पडली म्हणजे, जुनी झाली होती का?"

"पाप फार झालं होतं."

"पण किती वेळात पडली?"

"एका तासात."

"बघा!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "एका तासात. आणि आपली इमारत महापालिकेच्या धोकादायक यादीत आहे. मग आतल्या लोकांचं काय झालं?"

"जे देवाचे होते त्यांना आधीच बाहेर पडायला सांगितलं होतं."

"लेखी?"

मी शास्त्र म्हणजे बायबल उघडून ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी फळा पुसला.

मंजुळाबाई म्हणाल्या, "त्या नगरीत दारात चहा घेऊन येणारे शेजारी नव्हते वाटतं, नाहीतर तेही रडले असते. व्यापारीच रडले, शेजारी कुठे रडलेत?" हा मुद्दा मालनच्या वहीत नाही. पण बरोबर आहे, फक्त व्यापारी, राजे आणि खलाशी रडतात.

घरी येऊन खण उघडला. टी-स्क्वेअर हवा होता. खालचे कागद तसेच आहेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टी-स्क्वेअर काढला त्याचे कारण असे. एकविसाव्या अध्यायात नवे यरुशलेम आकाशातून खाली उतरते. त्याची मापे दिली आहेत. संपूर्ण प्रकटीकरणात मला आधार वाटावा असा हा एकच भाग आहे. मालनच्या वहीत त्या पानावर एक वेडावाकडा चौकोन आहे आणि लिहिले आहे: "चित्र हवे." चित्र तिला जमत नसे.

सकाळी सहाला उठून ड्रॉइंग बोर्ड लावला. बऱ्याच महिन्यांनी उठावेसे वाटले. मोठा कागद, शाईची पेने. नकाशा, दर्शनी भाग आणि उभा छेद. लांबी, रुंदी, उंची सारखीच असल्याने तिन्ही आकृत्या चौकोनच येतात. पहिल्यांदा वाटले माझे चुकले. चार बाजूंना तीन-तीन वेशी, भिंत एकशे चव्वेचाळीस हात, पाया बारा थरांचा. खाली टीपा लिहिल्या, नेहमीच्या पद्धतीने, क्रमांक घालून.

कोपऱ्यातला तक्ता:
शीर्षक: नवे यरुशलेम.
काढले: दा. चक्रनारायण.
तपासले:

तपासलेपुढे कोरे ठेवले. घरी आणलेल्या ड्रॉइंगवरचे शुद्धलेखन मालन तपासायची.

५ मार्च, बुधवार

विसावा अध्याय. हजार वर्षांचे राज्य. शेवटाचा क्रम नीट समजावा म्हणून फळ्यावर रेघ मारून दाखवली: इथे जुने संपते, इथे हजार वर्षे, इथे नवे येते.

पेंडसे म्हणाले, "म्हणजे मधली हजार वर्षं आपण भाड्याच्या घरात, ट्रान्झिटमध्ये."

असे कोणत्याही भाष्यात नाही. पण बायकांना लगेच कळले, म्हणून मी खोडले नाही.

"आणि तारीख?" पेंडसे यांनी पेन सरसावले. "नक्की कधी सुरू?"

"तारीख दिलेली नाही. कोणालाच माहीत नाही, देवदूतांनाही नाही. जागे राहायचं एवढंच सांगितलंय."

"एवढा मोठा प्रकल्प आणि ताबा कधी ते नाही," ते म्हणाले. "तरी तुम्ही लोकांनी सह्या केल्यात?"

"आम्ही केल्यात," मनुबाई म्हणाल्या. "बिल्डर ओळखीचा आहे."

ड्रॉइंग पुढच्या वर्गासाठी हॉलच्या भिंतीवर लावून आलो.

९ मार्च, रविवार

आज जे झाले ते नीट लिहून ठेवतो.

दहाला सोसायटीची सभा होती. बिल्डरचा ऋतुराज नावाचा अधिकारी नवे नकाशे आणणार होता, तो शीळफाट्याला अडकला. पेंडसे समोसे आणायला गेले होते. मी गेलो तेव्हा सगळे सभासद माझ्या ड्रॉइंगसमोर उभे होते आणि चर्चा रंगात आली होती. मी मागे बसलो.

पहिल्या मजल्यावरचे महिपत म्हात्रे बोलत होते. ही जमीन मूळ त्यांच्या आजोबांची. "बारा गेट? आनि वॉचमन आपला एक. तो बी झोपतो."

"त्यात टीप चार बघा," प्राचीताई चष्मा लावून म्हणाल्या. "वेशी कधीही बंद होणार नाहीत. म्हणजे डिलिव्हरीवाले थेट बेडरूममध्ये."

"टीप पाच. रात्र नाही, दिव्याची गरज नाही."

"सोलर असेल."

"सोलरला सूर्य लागतो. इथे लिहिलंय सूर्याचीही गरज नाही."

"टीप सहा, मधून नदी वाहते. अरे, दर पावसात नाला घरात येतो तो पुरत नाही का?"

"टीप दोन, समुद्र नाही. हे मात्र प्रामाणिकपणे लिहिलंय हां. नाहीतर बाकीचे डोंबिवलीत बसून सी व्ह्यू विकतात."

"रस्ता सोन्याचा?" म्हात्रे म्हणाले. "फसवनार हा. सोन्याचा रस्ता बोलतो म्हंजे लिफ्ट बी देनार नाय, बघा."

मग कोणीतरी टीप सात वाचली, नगरात देऊळ नाही, आणि एकदम गलका झाला. आपला गणपती कुठे बसवायचा? बेचाळीस वर्षं बसतोय! हे आधी का नाही सांगितलं? लिहून घ्या, हरकत क्रमांक एक!

मी उठून सांगायला हवे होते. पण ते सगळे इतक्या आस्थेने बोलत होते. माझे कोणतेही ड्रॉइंग इतक्या लोकांनी एवढ्या बारकाईने कधी वाचले नव्हते.

तेवढ्यात पेंडसे समोसे आणि ऋतुराजला घेऊन आले. ऋतुराजने ड्रॉइंग पाहिले. "हे आमचं नाही. पण काढलंय कोणी? हाताने? काय अक्षर आहे सर!" मग कोपऱ्यात बघून म्हणाला, "तपासलेलं नाहीये अजून."

"तपासायचं राहिलंय," मी म्हणालो. सभेत माझे हे पहिलेच वाक्य.

"अहो, हे चक्रनारायण काकांच्या वर्गाचं आहे," पेंडसे म्हणाले. "वरचं आहे. म्हणजे, मेल्यानंतरचं."

प्राचीताईंनी चष्मा काढला. समोशांची पिशवी कोणी उघडेना.

म्हात्रे वळले. "म्हंजे मालनबाय आता हितं ऱ्हायाला जानार?"

"हो," मी म्हणालो.

ते परत ड्रॉइंगकडे गेले आणि छेदाकडे बराच वेळ बघत राहिले. "जिना दाखवला नाय तुम्ही. पन उंच हाय लय. लिफ्ट पायजे हा तिला. हितं तीन मजले चढताना रोज माज्या दारात बसायची. गुडघा धरून. पंदरा-वीस मिंटं. माजी बायको पानी द्यायची."

मला हे माहीत नव्हते. मला ती म्हणायची, म्हात्रेवहिनी बोलत बसल्या होत्या. बाई फार बोलते म्हणून मी वर्षानुवर्षे म्हात्रेवहिनींवर मनातून रागावलो होतो.

सभेत देवळाची हरकत मागे घेण्यात आली. ऋतुराजच्या नकाशात लिफ्ट दोन आहेत. आधीही पाहिल्या होत्या, अकरा हरकतींत त्यांच्याबद्दल काहीच नव्हते.

१२ मार्च, बुधवार

एकविसावा. ठरल्याप्रमाणे आज बावीस व्हायला हवा होता. पेंडसे काही म्हणाले नाहीत. ड्रॉइंगवरून सगळे समजावले. बायकांनी वेशी मोजल्या, बरोबर निघाल्या.

मग मनुबाईंनी विचारले, "दामाजी, तिथं आपण एकमेकांना ओळखू का रे?"

हा प्रश्न ऑगस्टपासून माझ्याकडे आहे. पाळकसाहेबांना विचारायचा धीर झाला नव्हता. मी वही उघडली. मालनच्या अक्षरात तोच प्रश्न होता: "ओळखू येईल का?" उत्तराच्या जागी लिहिले होते: "यांना विचारणे."

यांना म्हणजे मला. ती नवऱ्याचे नाव घेत नसे, वहीतही नाही.

तिने मला विचारले नव्हते. राहून गेले असेल.

मी वही मिटली. मग जे येत होते ते सांगितले. कारखान्यात भाग भट्टीत जात. बाहेर येत तेव्हा रंग बदललेला, चकाकी गेलेली, कधी माप केसाएवढे वाढलेले. पण आत जाण्याआधी प्रत्येकावर ठोकून नंबर उमटवलेला असे. तो जात नसे. त्यावरून आम्ही ओळखायचो. एकतीस वर्षांत एकही अदलाबदल झाली नाही. तसेच असावे.

लक्ष्मी नाक पुसत होती, तिला सर्दी आहे. मनुबाई म्हणाल्या, "हे कळलं."

२६ मार्च, बुधवार

बाविसावा अध्याय गेल्या आठवड्यात सुरू केला, आज संपला. सव्वासहाला. पुस्तक पूर्ण झाले. वाटले होते काहीतरी वाटेल. खुर्च्या रचल्या.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मंजुळाबाईंचे शास्त्र टेबलावर उघडे राहिले होते. प्रकटीकरणाच्या प्रत्येक अध्यायापाशी पेन्सिलीने दोन-दोन तारखा आहेत. एक २०१६ची, एक २०२१ची. समासात बारीक अक्षरात अर्थ लिहिलेले, चौदाव्यातल्या डोंगराचासुद्धा. म्हणजे मालनने हे पुस्तक त्यांना आधी दोनदा शिकवले आहे. मग इतके प्रश्न का विचारत होत्या? विसरल्या असतील. पण सातही जणी कशा विसरतील?

पेंडसे जाताना सहीबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "संपलं हो काका." त्यांची वही भरली आहे.

२८ मार्च, शुक्रवार

अकराला सोसायटीच्या कचेरीत गेलो. पेंडसे आणि ऋतुराज होते. संमतीपत्रावर सही केली. चोविसावी. पेंडसे म्हणाले, "आपल्या पुस्तकात सिंहासनाभोवती वडीलही चोवीसच आहेत, नाही का? चौथा अध्याय." त्यांनी मागचे अध्याय घरी वाचले आहेत.

मग दुसरा अर्ज. रकाना होता: नाव कमी करण्याचे कारण. मी लिहिले: "प्रभूमध्ये झोपली आहे." तिच्या कबरीवरही तेच आहे.

ऋतुराजने वाचले आणि अवघडला. "सर, सॉरी, पण 'झोपली आहे' असं नाही चालणार. मग आमचं लीगल डिपार्टमेंट विचारेल, त्यांची सही का नाही घेतली?"

"अरे बाबा," पेंडसे म्हणाले, "त्यांच्यात त्या उठणार आहेत."

"उठणार? कधी?"

"ते कोणालाच माहीत नाही. मी दोन महिने बसलोय, तारीख कुठेच दिलेली नाही."

ऋतुराज माझ्याकडे पाहू लागला. चांगला मुलगा आहे, त्याची अडचण खरी होती. अपुरे भरलेले कागद मीही आयुष्यभर परत पाठवले आहेत. मी दुसरा फॉर्म मागितला. कारणाच्या रकान्यात लिहिले: मयत. तारीख टाकली, ७ ऑगस्ट २०२४. अक्षर चांगले आले. एका ओळीचेच काम होते.

शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो कोरा सोडायचा नसतो. मी लिहिले: तात्पुरते.

पेंडसे यांनी वाचले. शिक्का शाईत दाबला आणि त्या शब्दाच्या शेजारी, त्याला धक्का न लावता, नीट उमटवला.

"साहेब, हे शेऱ्यातलं..." ऋतुराज म्हणाला. "लीगल विचारेल."

"लीगलला बुधवारी पाठव," पेंडसे म्हणाले. "पाच वाजता."

२ एप्रिल, बुधवार

विठ्ठलवाडीला भाड्याची जागा मिळाली. मंजुळाबाईंनी परस्पर पाहून ठेवली होती, त्यांच्याच समोर. लिफ्ट आहे. मालनची पुस्तके आणि बोर्ड एका टेम्पोत मावतील.

मनुबाई म्हणतात, त्यांना संपूर्ण प्रकटीकरणातले काहीएक आठवत नाही, पहिल्यापासून घ्यावे. बाकीच्यांचेही तसेच. कमाल आहे. पुढच्या बुधवारी पहिला अध्याय. हॉल आता नाही, म्हणून माझ्या नव्या घरी. लोक आठ, पेंडसे येणार आहेत. खुर्च्या माझ्याकडे चार, त्यातली एक मालनची.

ती मनुबाईंना द्यावी. तिला हात आहेत, गुडघ्यांना बरी पडते.